समसमास ओळ : उरलेल्या जागेचा इतिहास

संगणकावरील वर्ड प्रोसेसरमध्ये मजकूर लावण्याच्या चार आज्ञा शेजारी शेजारी असतात : डावीकडे, मध्यभागी, उजवीकडे आणि दोन्ही समासांना भिडवून. या चारही आज्ञा एकाच जातीच्या भासतात. परंतु पहिल्या तिन्ही केवळ ओळीची जागा ठरवितात, तर चौथी ओळीच्या अंतरंगात हात घालते. शब्दांनी न व्यापलेली जागा कोठे सामावून घ्यावयाची, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे व त्याच्या उत्तरांतूनच समसमास मांडणीचा इतिहास घडला आहे.

जुन्या देवनागरी पोथ्यांत हा प्रश्न तीव्र नव्हता. मजकूर बहुधा शब्दांत अंतर न ठेवता सलग लिहिला जाई आणि समासाची रेघ आली की शब्द कोणत्याही अक्षरापाशी तोडला जाई. शब्द सुटे लिहिण्याच्या रीतीने मात्र हे स्वातंत्र्य संकुचित झाले. युरोपात ती रीत मुद्रणापूर्वीच रूढ झालेली होती. म्हणून गुटेनबर्गने 1455 च्या सुमारास पूर्ण झालेल्या 42 ओळींच्या बायबलात उरलेल्या जागेचा भार मुख्यतः अक्षरांवर टाकला. कमीअधिक रुंदीची अक्षरे, जोडाक्षरे व संक्षेपचिन्हे मिळून त्याने सुमारे 290 प्रकारचे खिळे वापरले. पुढील मुद्रकांनी हा पसारा आवरला आणि भार शब्दांमधील अंतरावर आला. त्याचा हिशेब जुळाऱ्याची नजर व बोटे करीत.

1886 मध्ये न्यूयॉर्क येथे वापरात आलेल्या लायनोटाइप यंत्रात शब्दांमधील पाचरी वर सरकून ओळ ताणीत. मोनोटाइपमध्ये छिद्रित कागदी पट्टी ओतकाम करताना उलट्या क्रमाने वाचली जाई. त्यामुळे ओळीतील अंतराचे माप अक्षरांच्या आधीच यंत्रास कळे.

संगणकाने हे काम घेतले तेव्हा आरंभीच्या अनेक प्रणाली प्रत्येक ओळीचा निर्णय स्वतंत्रपणे करीत. एक ओळ दाट, तर दुसरी विरळ, असा त्याचा परिणाम होई. डोनाल्ड क्नुथ व मायकेल प्लास यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत संपूर्ण परिच्छेद एकदम विचारात घेतला जातो. ओळींच्या ताणाला गुणांक देऊन त्यांची बेरीज किमान ठेवली जाते. पुढची ओळ पाहून मागची सोडविणाऱ्या निष्णात जुळाऱ्याच्या दूरदृष्टीचेच हे गणिती रूप होय.

मराठीच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दास जोडून लिहिली जात असल्याने शब्द लांबतात. अरुंद रकान्यात एका ओळीत दोन-तीनच अंतरे उरतात आणि सर्व ताण त्यांवर पडतो. अशा ठिकाणी शब्द योग्य अक्षरापाशी तोडणे किंवा उजवा समास असमान ठेवणे, हे दोन मार्ग राहतात. इंग्लंडमधील एरिक गिल याने 1931 मध्ये मुद्रणविषयक स्वतःच्या ग्रंथात दुसरा मार्ग जाणीवपूर्वक पत्करला. सरळ समास ही पृष्ठाची शोभा खरी; परंतु शब्दांमधील सम अंतर ही वाचकाची सोय होय. दोहोंचा मेळ बसत नसेल, तेथे शोभेनेच माघार घेणे इष्ट.