छप्पर उघडं, पण मूळचं का?

मंडळी, सातारा-सांगलीत स्वस्तातली जुनी ओपन गाडी शोधताय? मग आधी स्टँडर्ड हेराल्डची गोष्ट ऐका.

ब्रिटनमध्ये 1959 साली ट्रायम्फ हेराल्ड आली. डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं. 1961 पासून ती मद्रासला बनायला लागली. चासी वेगळी, बॉडी बोल्टवर. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, मॉड्युलर! याच चासीवरून 1962 ला स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार निघाली.

बोल्ट काढले की हेराल्डचं छप्परही उतरतं. मोह तिथंच होतो. पण 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला 'व्हीए' नंबर हवा, तर चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. म्हणून मी म्हणतो, किंमत नंतर विचारा. छप्पर कारखान्यात उघडलं की गॅरेजमध्ये, ते आधी विचारा.