व्यापारी तह आणि जकातीचा अधिकार : करवीर राज्याची साक्ष

राजनीतीच्या सहा गुणांत संधीला पहिले स्थान आहे. कौटिल्याने संधीचे लक्षण सांगताना अट हे त्याचे मर्म मानले, आणि जो बळाने उणा असेल त्याने संधी करावा असाही निर्णय दिला. परंतु उण्या पक्षाने केलेल्या संधीत अटी कोणी घालाव्यात व त्यांचा अर्थ कोणी लावावा, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. जागतिक व्यापार करारांनी विकसनशील देशांचे हित साधते की अहित, असा वाद हल्ली वारंवार चालतो. त्या वादात आमच्या करवीर राज्याची साक्ष सहसा कोणी काढीत नाही. ती काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहू. इ. स. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळ प्रांताचे अधिकारी नरहरी आनंदराव यांस मिठाविषयी आज्ञा केली. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडे. त्यामुळे उदमी तिकडे वळून संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडण्याचे भय होते. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून ते संगमेश्वरी मिठाहून महाग पडेल असे करावे, असा त्या पत्राचा आशय आहे. येथे व्यापार बंद केलेला नाही. आपल्या मिठागरांचा बचाव होईल इतकी किंमत तेवढी सावरून घेतली आहे. पुढे १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील रायगडी तहाची कलमे घेऊन आला. इंग्रजी नाणे स्वराज्यात चालावे, असे एक कलम त्यात होते. त्यावर महाराजांचे म्हणणे असे पडले की, आम्ही कोणत्याही नाण्यास मनाई करीत नाही. परंतु ज्यात रयतेचा तोटा होईल ते नाणे घेण्याची तिजवर सक्तीही करू शकत नाही. व्यापाराला मोकळीक द्यावी, पण रयतेच्या तोट्याची हमी परक्याला देऊ नये, हा विवेक त्या उत्तरात स्पष्ट दिसतो.

हाच विवेक शास्त्ररूपाने ग्रथित झाला तो करवीर दरबारात. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांचे 'आज्ञापत्र' १७१५-१६ च्या सुमारास, दुसऱ्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत सिद्ध झाले. त्यातील टोपीकरांविषयीचा मजकूर पुष्कळांच्या परिचयाचा आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, म्हणून त्यांस समुद्रकाठी वा खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये. वखारीस जागा देणे प्राप्तच झाले तर ती आत, सखल भूमीवर, मोठ्या गावांच्या दाबात द्यावी, असा तो उपदेश आहे. एवढाच भाग वाचून अमात्य परदेशी व्यापाराचे द्वेष्टे होते, असे अनुमान कित्येक काढतात. ते साधार नाही. त्याच ग्रंथात सावकार ही राज्याची शोभा होय, त्यांच्या योगे परमुलखीच्या वस्तू येतात व संकटसमयी कर्ज मिळते, म्हणून त्यांस अगत्याने आणून वसवावे असे सांगितले आहे. ही दोन प्रकरणे जोडून वाचली म्हणजे सिद्धांत उघड होतो : माल येऊ द्यावा, परंतु मालाबरोबर सत्ता येऊ देऊ नये.

ह्या सिद्धांताची परीक्षा अवघ्या पन्नास वर्षांत झाली. करवीरचे आरमार मालवणास असे. दस्तकावाचून जाणारे जहाज अडविणे हा दर्यावरील आपला हक्क, असे मराठी आरमार मानीत आले होते. इंग्रज त्यालाच चाचेगिरी म्हणत. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला व त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले. दुसऱ्या वर्षी जिजाबाईसाहेबांच्या कारभारात तह झाला. पैसा देऊन व पुढील वर्तणुकीची हमी पत्करून किल्ला सोडवून घ्यावा लागला. १७९२ मध्ये पुन्हा चढाईची तयारी झाली, तेव्हा १७८५ पासून इंग्रज व्यापाऱ्यांचे जे नुकसान झाले त्याची भरपाई आणि मालवण व कोल्हापूर येथे वखारींची परवानगी, अशी कलमे मान्य झाली. अमात्यांनी जी जागा देऊ नये म्हणून बजावले होते, तीच तहाने दिली गेली. अखेर १८१२ च्या तहात मालवण गेले, आणि इतर संस्थानांशी तंटा पडल्यास इंग्रजांच्या निवाड्यास बांधील राहण्याचे कबूल करावे लागले. परचक्रापासून संरक्षणाची हमी त्या बदल्यात मिळाली, हे खरे. अडविलेल्या जहाजांत निरपराध व्यापाऱ्यांचाही माल असे, हेही नाकारता येत नाही. तथापि क्रम ध्यानात घ्यावा : आधी भरपाई, मग वखार, मग बंदर आणि शेवटी निवाड्याचा अधिकार.

आता आजच्या काळाकडे वळू. ३० ऑक्टोबर १९४७ रोजी जिनीव्हा येथे तेवीस देशांनी जकातींविषयीचा सर्वसाधारण करार केला; त्यांत भारत होता. कोल्हापूर संस्थान त्यावेळी निराळे होते. ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, आणि तिच्या शेतीविषयक कराराचा संबंध आमच्या पंचगंगाकाठच्या उसाशी येऊन पोहोचला.

केंद्र सरकार उसाला रास्त व किफायतशीर दर ठरविते. शेतकरी त्यास एफआरपी म्हणतात. तो दर सरकार देत नाही, साखर कारखाने देतात. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वातेमाला यांनी ह्या दराविरुद्ध फिर्याद नेली. विकसनशील देशाला एका पिकामागे त्याच्या उत्पादनमूल्याच्या शेकडा दहापर्यंत साहाय्याची मुभा आहे. २०१४-१५ ते २०१८-१९ ह्या पाच हंगामांत भारताने ती ओलांडली, असा निर्णय १४ डिसेंबर २०२१ रोजी बाहेर आला. दर कारखाने देतात, आमचा खजिना नव्हे, हा भारताचा मुद्दा मान्य झाला नाही; भाव सरकारने ठरविला, एवढे त्यास पुरे झाले. शिवाय त्या करारातील हिशेबाचे माप १९८६ ते १९८८ ह्या वर्षांच्या किमतींवर बेतलेले आहे. तीस वर्षांपूर्वीच्या रुपयाने आजचा ऊस मोजावयाचा, ही अट मान्य करतेवेळी क्षुल्लक वाटली असेल. तिचा भार मागाहून कळला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ह्याच संघटनेच्या बौद्धिक संपदेच्या करारातून भौगोलिक निर्देशाचा कायदा १९९९ मध्ये झाला, आणि त्याखाली कोल्हापूरच्या गुळास २०१४ मध्ये व कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये नोंद मिळाली. मात्र ती नोंद भारतापुरतीच. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा ह्या पेढीने मिलान येथे तशाच घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हा कारागिरांचे नाव निघाले ते लोकांच्या ओरडीमुळे, नोंदीच्या बळावर नव्हे.

१८१२ आणि २०२१ ह्यांत एक मोठा भेद आहे. त्यावेळी फिर्यादीच न्यायाधीश होता. आता निदान बाजू मांडावयास जागा आहे. पण अमेरिकेने नेमणुका अडविल्यामुळे संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून न्यायनिवाड्यास असमर्थ झाले, आणि भारताने साखरेचे अपील त्याच रिकाम्या आसनापुढे दाखल केले. त्यामुळे निर्णय लांबला आणि शेतकऱ्याचा दर वाचला, ह्याचे समाधान मानणे स्वाभाविक आहे. तथापि उद्या फिर्याद आपली असेल तेव्हाही ते आसन रिकामेच दिसेल, ह्याचा विसर पडू नये. बलाढ्याला न्यायासनावाचून चालते, दुर्बळाला चालत नाही.

तात्पर्य, तह करू नये असे करवीरचा इतिहास सांगत नाही. दार उघडावे, पण कडी आतल्या हाती असावी, आणि भांडण पडल्यास निवाडा तिऱ्हाइताने करावा, इतकेच तो सांगतो. इत्यलम्.