१९५७ : चार चित्रपट, चार शेवट

एखाद्या वर्षातले आवडते चित्रपट निवडा असे कुणी म्हटले की माझे उत्तर ठरलेले असते : १९५७. गुरुदत्त यांचा 'प्यासा', बी. आर. चोप्रा यांचा 'नया दौर', मेहबूब खान यांचा 'मदर इंडिया' आणि व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ'. हे चारही हिंदी चित्रपट त्या एकाच वर्षातले. चित्रपटाच्या इतिहासात या वर्षाला सुवर्णकाळाचे शिखर म्हटले जाते, आणि 'नेहरूयुगातील राष्ट्रउभारणीचा आशावाद' या एका मथळ्याखाली चौघांनाही बसवले जाते. मीही वर्गात बराच काळ तसेच सांगत आलो. चारही चित्रपट थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा पाहिले, तेव्हा मात्र हा मथळा टिकेना. त्यांचे शेवट शेजारी शेजारी ठेवले तर ते एकमेकांशी सहमत नाहीत, उलट वाद घालतात, असे लक्षात येते.

वर्षही वादाचेच होते. स्वातंत्र्याला दहा वर्षे आणि १८५७च्या उठावाला शंभर वर्षे पूर्ण होत होती. दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली, केरळात कम्युनिस्ट सरकार आले. एप्रिलमध्ये दशमान नाणेपद्धती सुरू होऊन 'नवा पैसा' लोकांच्या हाती आला. अवजड उद्योगांवर भर देणारी दुसरी पंचवार्षिक योजना चालू होती, आणि त्याच वेळी धान्याच्या टंचाईमुळे अशोक मेहता यांच्या अध्यक्षतेखाली अन्नधान्य चौकशी समिती नेमावी लागली होती. कारखाना आधी की भाकरी आधी, हा प्रश्न चित्रपटगृहाच्या बाहेरही उभा होताच.

या वादाचा सर्वांत बोलका साक्षीदार साहिर लुधियानवी. 'नया दौर' आणि 'प्यासा' या दोन्ही चित्रपटांची गीते त्यांची. 'नया दौर'मध्ये ते देशातल्या जवानांचा उत्साहाने गौरव करतात, हाताला हात लावून डोंगर फोडणाऱ्या श्रमिकांचे गाणे लिहितात. 'प्यासा'मध्ये तेच कवी नायकाला वेश्यावस्तीतून फिरवतात आणि देशाचा अभिमान मिरवणारे आता कुठे आहेत, असे विचारतात. ही दुसरी रचना मुळात त्यांच्या 'तल्ख़ियाँ' या स्वातंत्र्यपूर्व संग्रहातील नज्म. मूळ ध्रुवपदातील रोख पूर्वेच्या पावित्र्याचे गोडवे गाणाऱ्यांवर होता. चित्रपटासाठी ती फारसीप्रचुर ओळ सोपी करण्यात आली आणि तिच्यात 'हिंद' हा शब्द आला. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबावे. केवळ सोपेपणासाठी झालेल्या या बदलाने कवितेचा पत्ताच बदलला. पारतंत्र्यातल्या समाजाला विचारलेला प्रश्न आता स्वतंत्र राष्ट्राच्या दारात येऊन उभा राहिला.

दोन्ही चित्रपटांचे शेवटही याच दोन टोकांना आहेत. 'नया दौर'मध्ये बसशी शर्यत लावणारा टांगेवाला शंकर जिंकतो. पण हा विजय घोड्याचा नाही, गावाने स्वतःच्या श्रमाने बांधलेल्या जवळच्या रस्त्याचा आहे. म्हणूनच शेवटी यंत्राला हाकलून लावले जात नाही. त्याचा लाभ सर्वांना मिळावा, एवढीच मागणी होते. हा समेट आहे, आणि तो जरा लवकर होतो. 'प्यासा'तील विजय समेटच नाकारतो. तो मेला असे समजून ज्यांनी त्याच्या कवितांचा बाजार मांडला, त्यांच्याच भरसभेत तो 'मी विजय नव्हे' असे सांगतो आणि गुलाबला बरोबर घेऊन निघून जातो. त्याच्यापाशी पर्यायी समाजाचा आराखडा नाही. ज्या वर्षी सगळीकडे आराखडेच आखले जात होते, त्या वर्षी हे नसणे मला प्रामाणिक वाटते.

पण खरा सामना उरलेल्या दोन चित्रपटांत आहे. वाट चुकलेल्याचे काय करायचे, असा प्रश्न दोघेही विचारतात. 'मदर इंडिया' सुरू होतो तो कालव्याच्या उद्घाटनाने. वृद्ध राधाला गावकरी हा मान देतात, आणि मग तिचे आयुष्य आठवणीतून उलगडते : सावकार सुखीलालाचे पाचशे रुपयांचे कर्ज, व्याजापोटी जाणारे तीन चतुर्थांश पीक, आणि त्या करारावर पंचांनी केलेले शिक्कामोर्तब. या अन्यायाविरुद्ध उठतो तो फक्त बिरजू, तोही दरोडेखोर होऊन. त्याने सुखीलालाच्या मुलीला पळवून नेताच राधा स्वतःच्या मुलावर गोळी झाडते. गावाची अब्रू राखली जाते. मात्र सावकाराला शिक्षा कोणी केली, असे विचारले तर उत्तर बिरजूच येते. पंचांनी नाही, कायद्यानेही नाही. अखेरीस कालव्याचे पाणी क्षणभर लाल दिसते. मेहबूब खान यांनी प्रगतीच्या चित्रात हा रंग ठेवला, यातच चित्रपटाचे मोठेपण आहे.

'दो आँखें बारह हाथ'मध्ये अपराधी सहा आहेत आणि सहाही खुनी. त्यांना गोळी घालण्याऐवजी जेलर आदिनाथ ओसाड माळावर नेतो आणि शेती करायला लावतो. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिच्यामागे प्रत्यक्षातला प्रयोग आहे. औंध संस्थानात, आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत १९३०च्या दशकाअखेरीस उभी राहिली. तिच्यामागे पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी होते. माणदेश हा माडगूळकरांचा मुलूख, त्यामुळे दुष्काळी माळावर पिकलेल्या भाजीचे मोल त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. कैदी ती भाजी स्वस्तात विकू लागतात तेव्हा बाजारातला दलाल खवळतो. मार खाऊनही ते हात उचलत नाहीत आणि अखेरीस आदिनाथाचा बळी जातो. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ साली बर्लिनचे रौप्य अस्वल मिळाले. त्यातली आदर्शाची मात्रा आज थोडी जास्त वाटेल, हे मान्य. पण ज्याचा आधार घेतला ते स्वतंत्रपूर स्वप्नातले नव्हते.

'मदर इंडिया' ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला आणि राष्ट्राची प्रतिमा म्हणून तोच रुजला. आई मुलाला मारते ते दृश्य आपण त्यागाचे प्रतीक म्हणून शिकवतो, तेव्हा त्याच वर्षी दुसऱ्या एका चित्रपटाने वेगळे उत्तर दिले होते हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. राधेपुढे बंदूक हा एकच मार्ग उरला, कारण बिरजूला कोणी माळ दिला नाही. माझ्या यादीत 'प्यासा' आजही पहिला आहे. पण बिरजूची गोळी आठवली की मन पुन्हा पुन्हा आटपाडीकडे जाते.