लढाई त्यांची, फंड आमचा

चिमूर म्हटले की पाठ्यपुस्तकात १६ ऑगस्ट १९४२ येतो: नागपंचमी, मोर्चा, गोळीबार. आमच्या घरात ही गोष्ट त्याच्या दोन-तीन वर्षे आधी सुरू व्हायची आणि सुरुवात व्हायची वर्गणीपासून. आजोबा सांगायचे, मालगुजाराच्या वाड्यावर पटवारी वही उघडून बसे आणि कोतवाल घरोघर निरोप देत फिरे. वार फंडात कोणी किती घालायचे ते आधीच लिहिलेले असे, आपण फक्त अंगठा उठवायचा. आजोबांचे थोरले भाऊ एकदा अडून बसले. "लढाई करतानी मले कोनी इचारलं का?" असे त्यांनी भर वाड्यात विचारले. पटवारी म्हणाला, "तुले कोन इचारते बाप्पा, लाटसाहेबानं ठरवलं." शेवटी त्यांनी पैसे दिले. आजोबा ही बाब कधी लपवत नसत. "देल्ले, पन शिव्या देत देल्ले," एवढेच म्हणत.

थोरल्या आजोबांचा तो प्रश्न तेव्हा देशभर विचारला जात होता, हे त्यांना बहुधा ठाऊक नसावे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे परस्पर जाहीर केले. दिल्लीच्या विधिमंडळाला विचारले नाही, निवडून आलेल्या प्रांतिक मंत्रिमंडळांनाही नाही. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. तिथले रविशंकर शुक्लांचे मंत्रिमंडळ त्याच वर्षी नोव्हेंबरात राजीनामा देऊन मोकळे झाले.

हिटलरशी लढणे चूक होते का, असे आज कोणी विचारील. विचारावेच. नाझींबद्दल काँग्रेसला काडीचेही प्रेम नव्हते. तिने एवढेच विचारले होते की हे युद्ध स्वातंत्र्यासाठी असेल तर त्या स्वातंत्र्यात आम्ही धरलेलो आहोत का? त्याचे सरळ उत्तर आले नाही. माझ्या मते युद्ध न्याय्य की अन्याय्य हे नुसता शत्रू पाहून ठरत नाही, ज्यांच्या पोरांना आणि पैशाला त्यात ओढायचे त्यांची संमती घेतली का, हेही पाहावे लागते. ती इथे घेतलेली नव्हती.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी उभे राहून सांगितले की या युद्धाला माणूस किंवा पैसा पुरवणे चूक आहे. गांधीजींनी निवडलेले ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही. पद्धत मोठी मजेशीर होती. सत्याग्रहीने आधी अधिकाऱ्याला पत्र लिहून दिवस आणि जागा कळवायची, मग ठरल्या जागी उभे राहून युद्धाविरुद्ध बोलायचे आणि पकडायला येतील त्यांच्याबरोबर जायचे. गर्दी नाही, धक्काबुक्की नाही. विनोबांना २१ ऑक्टोबरला पकडले, तीन महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षभरात देशात हजारो माणसे याच एका गुन्ह्यासाठी आत गेली.

आणि इकडे जंगलात लढाई वेगळ्याच रूपाने आली. आलापल्लीच्या बाजूचे एक वृद्ध नातेवाईक बिड्या ओढत सांगायचे, "मानसं तं गेलीच, झाडंबी लढाईले गेली." आलापल्लीचा सागवान बल्लारशाच्या डेपोत यायचा आणि तिथून रेल्वेने बाहेर. युद्धकाळात सरकारची लाकडाची भूक देशभरच वाढली होती. रॉकेल, कापड मिळेनासे झाले. लुगडे फाटले की त्याची चौघडी शिवायची, ती चौघडीही फाटली की पोराला गुंडाळायची. आजीला १९४२ हे साल असे आठवायचे.

तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने त्या पावसाळ्यात चिमूरचा परिसर पेटला होता. 'चले जाव'ची बातमी आली आणि नागपंचमीला लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळी झाडली, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला. मग जमाव उसळला आणि त्याने चार सरकारी माणसे मारली. आजोबा इथे आवाज खाली आणत. मेलेल्यांतही कोणाचे बाप होते, असे ते म्हणत, आणि मला ते सभांतल्या भाषणांपेक्षा खरे वाटते. पवनारला जे सुरू झाले त्यात हे बसत नव्हते. पण मुलाचे प्रेत समोर असलेल्या गर्दीला पवनार आठवावे, ही अपेक्षा आपण घरात बसून करतो.

१९ ऑगस्टला फौज आली. गावातले पुरुष धरून नेले, मागे बाया राहिल्या. माझी आजी तेव्हा चिमूरजवळच्या खेड्यात नवी सून होती. रोवणीचे दिवस. परे उपटून पेंढ्या बांधलेल्या, बांधीत टोंगळाभर पाणी. फौजेची गाडी वाजली की बाया धुऱ्याआड चिखलात बसत, तोंडात पदर कोंबून, लेकरू रडू नये म्हणून त्याला छातीशी घट्ट दाबून. चिमूरच्या बायांवर काय गुजरले ते आजीने कधी सांगितले नाही. "ते नको इचारू," म्हणायची आणि सुपातले तांदूळ पाखडू लागायची.

जे ती बोलली नाही त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी उपोषणाला बसले. नोव्हेंबर १९४२ पासून ६३ दिवस. सरकारने उपोषणाच्या बातम्यांवरच बंदी घातली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातली कितीतरी वृत्तपत्रे निघालीच नाहीत. खेड्यातल्या बायांच्या अब्रूसाठी छापखाने बंद राहिल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. तुकडोजी महाराजांना २८ ऑगस्टला चांद्यात अटक झाली होती, डिसेंबरात ते सुटले. चिमूर-आष्टीच्या खटल्यांत फाशी सुनावलेल्यांसाठी अनसूयाबाई काळे झगडल्या, १९४५ मध्ये त्यांचा फास टळला.

पुढे १९६२ च्या चीन युद्धात याच जिल्ह्यातले मारोतराव कन्नमवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि भद्रावतीजवळ दारूगोळ्याचा कारखाना आला. तेव्हा लोकांनी संरक्षण निधीला आपणहून दिले. मागणारे सरकार त्यांनी निवडलेले होते आणि शत्रू दाराशी होता. ज्या आजोबांनी वार फंडाला शिव्या दिल्या तेच या निधीची पावती जपून ठेवत, आणि यात त्यांना काही विसंगत वाटत नसे.

चिमूरला दरवर्षी १६ ऑगस्टला हुतात्म्यांना मानवंदना होते, भाषणे होतात. त्या व्यासपीठावरून १७ ऑक्टोबर १९४० चाही उल्लेख व्हावा, एवढी माझी आयोजकांना विनंती आहे. आणि ज्यांच्या घरी नव्वदी ओलांडलेले कोणी असेल, त्यांनी गोळीबाराबरोबर वार फंडाचेही विचारावे आणि ते त्यांच्याच बोलीत लिहून ठेवावे.