सेवा व्यापाराचे उदारीकरण: 'गॅट्स' करार काय सांगतो?

परदेशातून आलेली वस्तू बंदरात अडवून तिच्यावर सीमाशुल्क लावता येते. विमा, शिक्षण, सॉफ्टवेअर किंवा वकिली सल्ला मात्र असा अडवता येत नाही. सेवांच्या वाटेतले अडथळे देशातल्या कायद्यांत असतात: परवाने, परकीय गुंतवणुकीवरील मर्यादा, पदव्यांची मान्यता आणि व्हिसा. त्यामुळे सेवा व्यापार खुला करण्याचे वचन देताना देश आपले कायदे करण्याचे स्वातंत्र्य काही प्रमाणात बांधून घेतो.

गॅट्स म्हणजे काय?

सेवा व्यापारविषयक सर्वसाधारण करार, म्हणजेच 'गॅट्स', उरुग्वे फेरीच्या वाटाघाटींतून तयार झाला. जागतिक व्यापार संघटनेबरोबर १ जानेवारी १९९५ रोजी तो लागू झाला. भारत सुरुवातीपासून त्यात आहे.

सेवा पुरवण्याचे चार मार्ग

१. सीमापार पुरवठा: पुण्यातील अभियंता इंटरनेटवरून लंडनच्या कंपनीचे काम करतो.
२. परदेशात उपभोग: ओमानचा रुग्ण शस्त्रक्रियेसाठी मुंबईत येतो.
३. व्यापारी उपस्थिती: परदेशी बँक भारतात शाखा उघडते.
४. व्यक्तींची तात्पुरती ये-जा: भारतीय तंत्रज्ञ ठरावीक मुदतीसाठी अमेरिकेत काम करतो.

विकसित देशांचा भर तिसऱ्या मार्गावर असतो, तर भारताला पहिला आणि चौथा महत्त्वाचे वाटतात. चौथ्या मार्गाला सर्वांत कमी सवलती मिळाल्या आहेत. कायमची नोकरी, वास्तव्य आणि नागरिकत्व हे विषय तर कराराच्या कक्षेतच नाहीत. एच-१बी आणि एल-१ व्हिसांचे शुल्क वाढवल्याबद्दल भारताने २०१६ मध्ये अमेरिकेविरुद्ध या संघटनेत तक्रार केली होती.

वचनांची यादी

प्रत्येक देश आपली यादी देतो. कोणते क्षेत्र, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या अटींवर खुले, हे तीत लिहिलेले असते. यादीत नसलेल्या क्षेत्रात परदेशी कंपन्यांना बाजारप्रवेश देण्याचे बंधन नसते. व्यापारी तत्त्वावर किंवा स्पर्धेत न दिल्या जाणाऱ्या सरकारी सेवाही कराराबाहेर आहेत.

या यादीतला एकेक शब्द महाग पडू शकतो. अमेरिकेने 'क्रीडा वगळता इतर मनोरंजन सेवा' खुल्या केल्या होत्या. त्यात ऑनलाइन जुगारही येतो, अशी तक्रार अँटिग्वा आणि बार्बुडा या छोट्या कॅरिबियन देशाने २००३ मध्ये केली. असा आपला हेतूच नव्हता, हे अमेरिकेचे म्हणणे २००५ मध्ये अपिलातही टिकले नाही. अमेरिकेने आपले नियम न बदलल्याने अँटिग्वाला २०१३ मध्ये वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरपर्यंत प्रतिकारात्मक कारवाईची परवानगी मिळाली. वचन मागे घेता येते, पण ज्यांचे नुकसान होते त्यांना इतर क्षेत्रांत भरपाई द्यावी लागते.

आता पुढे काय?

दोहा फेरी रखडल्यानंतर बरेच देश द्विपक्षीय करारांकडे वळले. गॅट्समध्ये त्याला मुभा आहे. भारताचे संयुक्त अरब अमिराती आणि ऑस्ट्रेलियाबरोबरचे करार २०२२ मध्ये लागू झाले. दोन्हींत सेवांचा समावेश आहे. अशा कराराची बातमी वाचताना 'सेवाक्षेत्र खुले' या मथळ्यावर थांबू नये. कोणता मार्ग, कोणत्या अटी आणि कोणाच्या यादीत, हे पाहिल्यावरच त्यातून कोणाला काय मिळाले ते कळते.