जोड प्लेटसारखाच का नाही? ९ टक्के निकेल स्टील आणि फिलरची निवड

वेल्डिंग शिकायला लागलं की पहिल्याच आठवड्यात एक नियम कानावर पडतो: ज्या धातूची प्लेट, साधारण त्याच धातूचा फिलर. माइल्ड स्टीलला हे चालतं. पण द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी साठवणाऱ्या टाक्यांमध्ये हा नियम जवळपास सगळ्यांनी बाजूला ठेवला. तो का ठेवला, हे इतिहासातून बघू.

एलएनजीचं तापमान उणे १६२ अंश सेल्सिअस. एवढ्या थंडीत साधं स्टील काचेसारखं ठिसूळ होतं. २० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात एलएनजीची एक टाकी फुटली. वायू रस्त्यावर आणि गटारांत शिरून पेटला आणि सुमारे १३० माणसं गेली. ती टाकी ३.५ टक्के निकेल असलेल्या स्टीलची होती. फुटण्याचं एकच ठाम कारण चौकशीत सिद्ध झालं नाही, पण थंडीत त्या स्टीलचा चिवटपणा अपुरा पडतो हा मुद्दा पुढे कायम चर्चेत राहिला.

१९४० च्याच दशकात इंटरनॅशनल निकेल कंपनीत ९ टक्के निकेलचं स्टील विकसित झालं. ते उणे १९६ अंशांना, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानालाही चिवट राहतं. प्रश्न सुटला असं वाटेल. पण टाकी नुसत्या प्लेटची नसते, ती जोडांची असते.

आता नीट बघा. प्लेटला हा चिवटपणा रोलिंग आणि त्यानंतरच्या उष्णता-प्रक्रियेमुळे येतो. वेल्ड मात्र वितळून तसाच गोठतो. तो एक छोटा ओतीव तुकडाच असतो. त्यात ऑक्सिजन आणि अशुद्धी राहतात. म्हणजे रसायन तेच ठेवलं तरी गुण तेच येत नाहीत. वेल्डनंतर उष्णता-प्रक्रिया करावी म्हटलं, तर जागेवर उभारलेली अवाढव्य टाकी भट्टीत घालणार कशी?

१९६० साली ‘ऑपरेशन क्रायोजेनिक्स’ नावाच्या चाचण्या झाल्या. ९ टक्के निकेल स्टीलच्या पूर्ण आकाराच्या टाक्या थंड करून मुद्दाम फुटेपर्यंत दाब दिला गेला. वेल्डनंतर ताण-मुक्तीची उष्णता-प्रक्रिया न करताही त्या पुरेशा सुरक्षित ठरल्या, आणि त्यानंतर अमेरिकन कोडने ही अट शिथिल केली. पण याचा अर्थ असा, की वेल्ड जसा गोठेल तसाच चिवट हवा.

उत्तर मिळालं निकेल-आधारित फिलरमध्ये. त्याची रचना ऑस्टेनाइटची असते, त्यामुळे साध्या स्टीलसारखं तापमान उतरलं की एकदम ठिसूळ होणं त्यात होत नाही. मग स्वस्त ऑस्टेनिटिक स्टेनलेस का नको? कारण त्याचं तापमानाने होणारं प्रसरण-आकुंचन प्लेटपेक्षा बरंच जास्त असतं. टाकी थंड होताना जोडाच्या कडेला ताण वाढतो. निकेल मिश्रधातू इथे प्लेटच्या जास्त जवळ राहतात.

पण फुकट काहीच मिळत नाही. ९ टक्के निकेल प्लेटची किमान यील्ड ताकद ५८५ आणि ताण ताकद ६९० मेगापास्कल असते. ईएनआयसीआरएफई-२ वर्गाच्या इलेक्ट्रोडच्या वेल्डची किमान ताण ताकद ५५०. म्हणजे जोड प्लेटपेक्षा कमकुवत! डिझाइन कमकुवत भागावर ठरतं, म्हणून प्लेट जाड घ्यावी लागते आणि महाग स्टील वाया जातं. म्हणूनच मॉलिब्डेनम असलेले फिलर पुढे आले: ईएनआयसीआरएमओ-६ ची किमान ताकद ६२० आणि ईएनआयसीआरएमओ-३ ची ७६०. शिवाय प्लेटचं लोखंड वेल्डमध्ये मिसळलं की ही ताकद उतरते, आणि हे धातू गोठताना तडकण्याचाही धोका असतो. त्यात ९ टक्के निकेल स्टील पटकन चुंबकित होतं. मग आर्क भरकटतो, म्हणून एसीवर चालणारे इलेक्ट्रोड सोयीचे पडतात.

दाभोळ किंवा दहेजचं एलएनजी टर्मिनल लांबून जरी पाहिलंत, तरी लक्षात ठेवा: अशा टाक्यांमध्ये आतल्या जोडाच्या निवडीमागे एवढा सगळा हिशेब असतो.

तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल, तर यातून एक सवय लावून घ्या. फिलरचा तक्ता दिसला की ‘कोणता?’ एवढंच विचारू नका. चिवटपणा, ताकद, प्रसरण, तडे आणि खर्च यांपैकी कशाची किंमत देऊन काय मिळवलंय, ते विचारा. उदाहरणार्थ, टिग पद्धतीत वेल्डमध्ये ऑक्सिजन कमी राहतो. मग प्लेटच्याच जातीचा, स्वस्त, लोह-निकेल फिलर तिथे पुन्हा चालवता येईल का? यावर काम झालेलं आहे. तुमचं लिटरेचर रिव्ह्यू तिथून सुरू करून बघा. जुना नियम नेमक्या कोणत्या अटीवर मोडला हे कळलं, की ती अट बदलली तर काय होईल हा तुमचा प्रश्न तयार असतो.