रोलिंग स्टोन्सचा ‘हॅकनी डायमंड्स’ आणि जुन्या गाण्यांचे दौरे

रोलिंग स्टोन्स या विख्यात ब्रिटिश रॉक बँडचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम २० ऑक्टोबर २०२३ रोजी प्रकाशित झाला. स्वतःच्या नव्या रचनांचा या बँडचा हा अठरा वर्षांतील पहिलाच अल्बम होता. त्याआधीचा ‘अ बिगर बँग’ सप्टेंबर २००५ मध्ये आला होता. मधल्या काळात, २०१६ मध्ये निघालेल्या ‘ब्लू अँड लोन्सम’मध्ये सर्व रचना जुन्या ब्लूज गायकांच्या होत्या. या अठरा वर्षांत बँडचे दौरे मात्र थांबले नव्हते आणि मैदानेही रिकामी राहिली नव्हती. नवे गाणे न देताही श्रोते येत असतील, तर ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या कलावंतांनी नवा अल्बम करावाच कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. त्याच्या उत्तराचा मोठा भाग बँडच्या ड्रमवादकाशी निगडित आहे.

चार्ली वॉट्स जानेवारी १९६३ मध्ये बँडमध्ये दाखल झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. मूळचे जॅझचे चाहते असलेले, नीटनेटक्या सुटात वावरणारे वॉट्स रंगमंचावर सर्वांत मागे बसत. पण गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्‌स यांच्या संगीताचा तोल त्यांच्या वादनावर उभा होता. २००४ मध्ये त्यांना घशाचा कर्करोग झाला. उपचार पूर्ण करून ते परतले आणि ‘अ बिगर बँग’च्या दीर्घ दौऱ्यात ड्रमवर तेच होते. ऑगस्ट २०१९ मधील मायामीचा कार्यक्रम बँडसमवेतचा त्यांचा शेवटचा ठरला. २४ ऑगस्ट २०२१ रोजी लंडनमध्ये वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या महिनाभराने अमेरिकेचा नियोजित दौरा स्टीव्ह जॉर्डन यांच्यासह सुरू झाला. जॉर्डन हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रिचर्ड्‌स यांच्या स्वतंत्र बँडमधील सहकारी. वॉट्स यांनीच त्यांचे नाव सुचविले होते, असे रिचर्ड्‌स यांनी सांगितले आहे.

वादक बदलून जुनी गाणी सादर करता येतात. वॉट्स यांच्याविना नवे संगीत निर्माण होते का, याची परीक्षा ध्वनिमुद्रणाच्या खोलीतच होणार होती. त्यापूर्वीची अनेक ध्वनिमुद्रणे अर्धवट पडून होती. अखेर जॅगर यांनी मुदतच ठरवून टाकली आणि २०२२ च्या नाताळाच्या सुमारास सुरू झालेले काम फेब्रुवारी २०२३ मध्ये संपविण्यात आले. निर्मितीची जबाबदारी अँड्र्यू वॉट या १९९० मध्ये जन्मलेल्या अमेरिकी निर्मात्याकडे सोपविण्यात आली. त्यांचे नाव पॉल मॅकार्टनी यांनी सुचविले होते. मॅकार्टनी यांनी स्वतः ‘बाइट माय हेड ऑफ’ या गाण्यात बास गिटार वाजविली. ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’मध्ये लेडी गागा आणि स्टीव्ही वंडर यांचा सहभाग आहे. पाहुण्यांची ही यादी प्रसिद्धीला उपयोगी पडली हे खरे, पण रसिकांचे लक्ष गेले ते दोन वेगळ्याच गाण्यांकडे. ‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द सोर्ड’ या गाण्यांतील ड्रमवादन चार्ली वॉट्स यांचे आहे; ते २०१९ मध्ये ध्वनिमुद्रित झाले होते. त्यांपैकी दुसऱ्या गाण्यासाठी बिल वायमन हे १९९३ मध्ये बँड सोडलेले बासवादक परत आले, तर पियानोवर एल्टन जॉन आहेत.

बारा गाण्यांपैकी अकरा नवी आहेत. शेवटचे ‘रोलिंग स्टोन ब्लूज’ हे मात्र मडी वॉटर्स या अमेरिकी ब्लूज गायकाच्या १९५० मधील गाण्यावर आधारलेले असून त्याच गाण्यावरून बँडचे नाव पडले. येथे फक्त जॅगर आणि रिचर्ड्‌स ऐकू येतात, ड्रम नाहीतच.

अल्बमच्या प्रसिद्धीची सुरुवात ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्व लंडनमधील ‘हॅकनी गॅझेट’ या स्थानिक वृत्तपत्रातून झाली. त्यात काचदुरुस्तीच्या एका काल्पनिक दुकानाची जाहिरात छापून आली. दुकानाची स्थापना १९६२ ची, मजकुरात बँडच्या जुन्या गाण्यांची नावे पेरलेली. गाडीची काच फोडली गेल्यावर रस्त्यावर विखुरणाऱ्या तुकड्यांना लंडनच्या बोलीत ‘हॅकनीचे हिरे’ म्हणतात, हा त्यातील श्लेष. ६ सप्टेंबर रोजी हॅकनी एम्पायर या जुन्या नाट्यगृहात झालेल्या प्रकट मुलाखतीत अल्बमची अधिकृत घोषणा झाली आणि ‘अँग्री’ हे पहिले गाणे त्याच दिवशी प्रसारित करण्यात आले. प्रकाशनाच्या आदल्या रात्री न्यूयॉर्कमधील ‘रॅकेट’ या सुमारे साडेसहाशे श्रोत्यांच्या छोट्या सभागृहात बँडने सात गाणी सादर केली. त्यांपैकी चार नव्या अल्बममधील होती. हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढे मैदानांवर ते टिकले नाही.

घोषणेचाच सोहळा करण्याची या बँडची परंपरा जुनी आहे. १ मे १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर एका उघड्या ट्रकवर उभे राहून त्यांनी भर रस्त्यात गाणे वाजविले होते. पत्रकार जवळच्या हॉटेलात त्यांची वाट पाहत होते. १९९७ मध्ये ते जुन्या मोटारीतून ब्रुकलिन पूल ओलांडून आले, २००२ मध्ये हवाई जहाजातून उतरले.

या खेळकरपणामागे व्यवहार आहे. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत उत्पन्नाचा मुख्य आधार तबकडी असे आणि दौरा ही तिची जाहिरात. १९८९ चा ‘स्टील व्हील्स’ दौरा हे वळण ठरले. जॅगर व रिचर्ड्‌स यांच्यातील बेबनावामुळे बँडने सात वर्षे दौरा केला नव्हता. तो मिटल्यावर कॅनडाचे आयोजक मायकेल कोल यांनी प्रत्येक शहरातील स्थानिक आयोजकाशी स्वतंत्र करार करण्याची जुनी पद्धत बाजूला ठेवली आणि तिकिटे, प्रायोजकत्व, बँडचे चिन्ह असलेले कपडे अशा सर्व बाबींसह संपूर्ण दौरा एकगठ्ठा घेतला. पुढे इंटरनेटमुळे ध्वनिमुद्रिकांची विक्री कोसळली तेव्हा हा बँड सावरलेला होता, तो या व्यवस्थेमुळे. २००५ ते २००७ या काळातील ‘अ बिगर बँग’ दौऱ्याचे उत्पन्न ५५ कोटी डॉलरच्या पुढे गेले. अल्बमची विक्री त्या मानाने बेताचीच होती. थोडक्यात, अल्बम हीच दौऱ्याची जाहिरात झाली.

भारतीय रसिकांना बँडचे दर्शन घडले तेही अशाच एका दौऱ्यात. ‘फॉर्टी लिक्स’ हा २००२ चा संग्रह चाळीस गाण्यांचा होता. त्यांतील नवी गाणी केवळ चार. त्यानिमित्त निघालेला दौरा ४ एप्रिल २००३ रोजी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्‌सवर आणि ७ एप्रिल रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर आला. त्या वेळी पूर्व आशियात सार्सची साथ पसरली होती व हाँगकाँग आणि चीनमधील कार्यक्रम तेव्हा होऊ शकले नाहीत. क्रिकेटच्या इतिहासात मानाचे स्थान असलेल्या ब्रेबॉर्नवर त्या रात्री ड्रमवर चार्ली वॉट्स होते. तबकड्या आणि कॅसेटवर ही गाणी ऐकत वाढलेल्या पिढीसाठी चार दशकांनंतरची ती पहिली भेट होती.

‘हॅकनी डायमंड्स’ ब्रिटनच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच नावाचा उत्तर अमेरिकेचा दौरा २८ एप्रिल २०२४ रोजी ह्यूस्टन येथे सुरू होऊन २१ जुलै रोजी मिसुरी राज्यातील रिजडेल येथे संपला. त्याची प्रायोजक होती पन्नाशीपुढील नागरिकांसाठी काम करणारी ‘एएआरपी’ ही अमेरिकी संघटना. यात थट्टेला वाव होता, पण संघटनेला आपले सभासद कोठे भेटतील हे अचूक ठाऊक होते. जॅगर आणि रिचर्ड्‌स त्या वेळी ८० वर्षांचे होते. दौऱ्यादरम्यान रॉनी वूड ७७ वर्षांचे झाले.

ह्यूस्टनच्या पहिल्या कार्यक्रमात अठरा गाणी झाली. नव्या अल्बममधील तीनच. त्यांत ‘मेस इट अप’ होते. अल्बमवर वॉट्स यांच्या हातून उमटलेला त्या गाण्याचा ठेका तेथे स्टीव्ह जॉर्डन वाजवीत होते. कार्यक्रमाची सांगता १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने झाली.